मांडून ठेवलेली ताटं

बंगल्यात जायला तिकीट लागतं हे मला माहीत होतं. चपला बाहेर काढाव्या लागतात हेही माहीत होतं. पण माझ्या बापाला घेऊन आत जायचं म्हणजे काय प्रकार असतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

मी योगिता. तलासरीच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला आमचा पाडा आहे. उंबरगावला एका कंपनीत पॅकिंगला जाते. माझं तोंड तिखट आणि आवाज मोठा आहे असं लोक म्हणतात. आहेच. माझी आय कानानं अधू होती, तिच्याशी बोलून बोलून आवाज मोठा झाला. आणि तिखटपणाचं म्हणाल, तर गरिबाच्या पोरीला तोंड नसेल तर तिला कोणीही बाजारात विकून येईल. पण त्या दिवसांत माझंसुद्धा तोंड बंद पडायची वेळ आली होती, कारण माझ्या बापाचं घर नव्या रस्त्यात जात होतं आणि बाप घरातून उठायला तयार नव्हता.

मोठा रस्ता यायचा म्हणून पाड्याच्या खालच्या अंगाला खुणा झाल्या. लोक भांडले, मोर्चे काढले, रडले आणि शेवटी एकेक करून हलले. कोणी बहिणीकडे गेलं, कोणी वरच्या माळावर पत्रे ठोकले. राहिला एकटा माझा बाप, शुक्रा. भात झोडून झालं की मशीन येणार हे सगळ्यांना सांगून झालं होतं. बाबा म्हणाला, "येऊ दे ना. मी ओट्यावर बसतो. फिरवा म्हणावं माझ्यावरनं."

दुसरा कोणी असता तर मी म्हटलं असतं, बोलतोय नुसता, मशीनचा आवाज ऐकला की पळेल. पण हा माझा बाप आहे. एकदा आयशी भांडून म्हणाला, आता ह्या घरात जेवणार नाय, आणि खरंच जेवला नाही. पडवीत आडवा होऊन राहिला. ओठ सुकले तरी उठेना. शेवटी आयनं ताट आणून त्याच्या छातीवर ठेवलं तेव्हा उठून बसला. तेव्हा हा माणूस ओट्यावर बसतो म्हणाला म्हणजे बसणार. मला रात्री डोळा लागला की मशीनचा पंजा दिसायचा आणि त्याच्याखाली बाबाची पांढरी टोपी.

"माझ्याकडे ये," मी किती वेळा म्हटलं. पाड्याच्या वरच्या अंगाला माझं स्लॅबचं घरकुल आहे. मागे अंगण पडलंय मोकळं.

"तुझ्या सिमिटाच्या पेटीत मला झोप येत नाय," बाबा म्हणायचा. "आणि तुझी आय तिथं कशाला येईल?"

आय जाऊन दोन पावसाळे झाले होते. तेव्हापासून बाबा जेवायला बसला की पहिला घास ताटाच्या कडेला काढून ठेवतो, रूपीचा म्हणून. मग स्वतः जेवतो. आमच्यात पितरांना वर्षाचं वाढतातच, पण बाबाचं रोजचं. मी कधी काही बोलले नाही. माणूस एकटा पडला की कशाला ना कशाला धरतो.

अशात प्रविणनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, एक गोष्ट सांगितली. तो ईको गाडी भाड्यानं चालवतो. मुंबईच्या कुठल्याशा मंडळींना घेऊन डहाणूला गेला होता, तिथे त्यांना एक बंगला बघायचा होता. जुन्या इराणी शेठांचा, गुलबानू बंगला. घरात कोणी राहत नाही, पण सगळं जसंच्या तसं ठेवलंय, लोक तिकीट काढून बघतात.

"आणि ऐक ना," प्रविण म्हणाला, "तिथला रस्ता रुंद करायचा होता. अर्धा बंगला जात होता. तर रस्ताच वाकवला म्हणे. घर जुनं आहे म्हणून."

माझ्या हातातलं लाटणं खाली पडलं. घर जुनं आहे म्हणून रस्ता वाकतो? मग आमचं काय काल बांधलंय? माझ्या बापाच्या आज्यानं त्याच्या मेढी, म्हणजे ते मोठे सागाचे खांब, खांद्यावर वाहून आणले होते. त्याआधी घर म्हणे उपलाट गावाच्या बाजूला होतं. शेठचं जुनं ते जुनं, आणि आमचं जुनं म्हणजे काय भंगार? अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. दुसऱ्याच दिवशी सुट्टी टाकली.

बाबाला तयार करायला फार लागलं नाही. "वाचलेलं घर बघायला जायचंय," एवढं म्हटलं तर धुतलेला सदरा घालून, फडक्यात नागलीची भाकरी आणि भाजलेला सुका बोंबील बांधून गाडीत येऊन बसला. हॉटेलचं तो खात नाही.

सगळ्या वाटेत मी त्याला पढवत होते. "बाबा, तिथे एक मॅडम असते. तिनं विचारलं, तुमचं घर किती जुनं, तर काय सांगायचं?"

"काय सांगायचं?"

"शंभर वर्षं."

"शंभर वर्षं," बाबा म्हणाला आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. चिकूच्या वाड्या लागल्या होत्या.

"परत सांग."

"शंभर. कळलं ना. म्हातारा झालोय, येडा नाय झालो."

पुढून प्रविण हसला. मी त्याच्या पाठीत एक चापट घातली. इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्याला हसू येतंय.

बंगला गावाबाहेर होता म्हणे पूर्वी. आता चहूबाजूंनी सोसायट्या आल्यात, बाल्कनीत कपडे वाळत असतात आणि मध्येच ही चिकूची जुनी झाडं आणि लाल कौलं. रस्ता खरंच वाकला होता. मी गाडीतून उतरून बघितलं. सरळ येतो आणि बंगल्याच्या कुंपणाशी आला की बाजूला होतो, सोवळ्यातल्या माणसाला बघून बाजूला व्हावं तसा. माझ्या मनात आलं, झालं, काम फत्ते.

जयश्री मॅडम व्हरांड्यातच होत्या. सुती साडी, गळ्यात चष्मा. एक संस्था तो बंगला सांभाळते, त्या संस्थेचं सगळं त्याच बघतात. बाई बोलायला चांगल्या. आम्ही तलासरीकडून आलो म्हटल्यावर त्यांनी स्वतःच आत नेलं. बाबानं चपला काढल्या, टोपी काढावी की ठेवावी ह्यात जरा घुटमळला, शेवटी काढून खिशात घातली.

आत गारवा होता. खोलीखोलीला दारात लाल दोरी, दोरीच्या अलीकडून बघायचं. मोठा झोपाळा, त्याच्यावर गादी. कपाटात काचेची भांडी. भिंतीवर शेठ-शेठाण्यांचे फोटो, त्यांना लाकडी मण्यांचे हार. पलंगावर चादर ताणलेली, उशाशी चष्मा, चष्म्याशेजारी पाण्याचा पेला. पेल्यात पाणी नव्हतं. घड्याळ मात्र चालू होतं, टकटक ऐकू येत होती.

मॅडम सांगत होत्या आणि मी माना हलवत होते, पण माझं लक्ष कुठे होतं? मी नुसती वाट बघत होते, विषय कधी काढायचा. आता काढू का, ह्या खोलीनंतर काढू का? पायाचा अंगठा गार फरशीवर घासत उभी होते. आणि बाबा गप्प होता. एरवी चार माणसांत गेला की बोलतो, इथे शब्द नाही.

मग जेवणाची खोली आली. लांबलचक टेबल. पांढरं कापड. आणि सगळ्या खुर्च्यांपुढे ताटं मांडलेली, चिनी मातीची, निळ्या काठाची. चमचे, पेले, घडी घातलेले रुमाल. सगळं टापटीप. आता कोणी येईल आणि जेवायला बसेल असं.

बाबानं माझा हात धरला. घरच्या बोलीत हळूच विचारलं, "कोण यायचंय?"

मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "कोणी नाही. शेवटी इथे गुलबानूबाई एकट्याच राहायच्या. घरातली कितीतरी माणसं वारलेली, उरलेली मुलं, नातवंडं बाहेरदेशी. तरी त्या रोज संध्याकाळी सगळ्यांची ताटं मांडायच्या. त्या गेल्या तेव्हाही टेबल असंच मांडलेलं होतं. आम्ही तसंच ठेवलंय."

"वाढत नाय?" बाबानं आता मराठीतच विचारलं.

"कोणाला वाढणार बाबा?" मॅडम हसल्या. "रिकामीच असतात. रोज पुसतो फक्त."

आम्ही पुढच्या खोलीत गेलो. तिथे पियानो होता. मी मनाशी म्हटलं, बस, आता विचारायचंच. तोंड उघडलं आणि मागून कोणीतरी बाई ओरडली, "अहो, हे काका बघा काय करतायत!"

मी मागे धावले. बाबा दोरीखालून वाकून आत गेला होता. फडकं सोडून टेबलावर ठेवलेलं. भाकरीचा एकेक तुकडा मोडून तो एकेका ताटात ठेवत होता, अगदी सावकाश, कोणी सुटू नये म्हणून. टोकाच्या मोठ्या खुर्चीपुढच्या ताटात त्यानं बोंबलाचा तुकडासुद्धा ठेवला होता.

"बाबा!" मी किंचाळलेच. "काय करतोस? बाहेर ये!"

"थांब, दोन राहिलेत."

"अरे ते म्युझियम आहे!"

"असू दे ना. मेल्या माणसांची ताटं मांडून उपाशी ठेवायची काय?" त्यानं उरलेल्या दोन ताटांत तुकडे ठेवले, हात जोडले आणि मग दोरीखालून बाहेर आला. बोंबलाकडे बोट करून मॅडमना म्हणाला, "इराणी शेठ बोंबील खायचे. मला माहीत हाय."

खोलीभर बोंबलाचा वास सुटला होता. ती ओरडणारी बाई नाकाला रुमाल लावून निघून गेली. मी म्हटलं, संपलं सगळं. आता ही मॅडम आम्हाला हाकलून देणार, रस्ता गेला, घर गेलं, बाप गेला. डोळ्यांत पाणीच आलं माझ्या, रागानं आणि लाजेनं.

मॅडम म्हणाल्या, "अहो बाबा, मुंग्या येतील हो. ह्या जुन्या कापडाला डाग पडला तर जात नाही." पण आवाज चढवला नाही. एका कागदावर सगळे तुकडे गोळा केले. एक ताट पुसताना त्यांचा हात जरा थांबला. बाबा त्या कागदाकडे बघत राहिला, तो घेऊन त्या मागच्या दारानं बाहेर गेल्या तोपर्यंत.

व्हरांड्यात त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं. मग मी सगळं ओकले. रस्ता, खुणा, मशीन, बाबाचं ओट्यावर बसणं. "तुमचा रस्ता वाकला ना मॅडम? मग आमचापण वाकवून द्या. तुम्हाला माहीत असेल कोणाला सांगायचं."

मॅडमनी ऐकून घेतलं. "योगिता, इथला रस्ता एका दिवसात नाही वाकला. आम्ही वर्षानुवर्षं ऑफिसं झिजवली. तुमच्याकडे तेवढा वेळ नाही." मग बाबाकडे वळल्या. "तुमचं घर किती जुनं आहे, बाबा?"

मी बाबाकडे बघितलं. डोळे मोठे केले. शंभर, शंभर, शंभर.

बाबाची छाती फुगली. त्या बंगल्यात शिरल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं. "जुनं?" तो म्हणाला. "छ्या! नवंकोरं हाय! दिवाळीच्या आदी कारवी बदलली, सगळ्या भिंतींचा कुड नवा केला. शेण, लाल माती, सगळं मी स्वतः. एक भेग दाखवा तुम्ही. वरचा पेंढापण ह्याच साली. आमच्या पाड्यात एवढं नवं घर कोणाचं नाय."

मी कपाळाला हात लावला. आमच्यात घर जुनं म्हणजे घरच्यांना हात नाहीत, घरात आळशी माणसं आहेत. चांगला माणूस आपलं घर जुनं आहे असं सांगेलच कशाला? मला हे कळायला हवं होतं. गाडीत शंभर म्हणाला तो मला गप्प करायला.

"मेढी जुन्या आहेत मॅडम," मी घाईघाईनं म्हटलं. "खांब. ह्याच्या आज्यानं खांद्यावर वाहून आणलेले. त्याच्याही आधीचे."

मॅडम पुढे सरकल्या. "खरं सांगू? आमच्या मागच्या वाडीत इथलं एक पाड्यातलं घर उभं करायचं असं आमचं कधीचं चाललंय. नवीन बांधून नको, खरं हवं. तुमचं घर आम्ही उचलून आणलं तर? खांब, कुड, जातं, उखळ, कणगी, सगळं. जसं आहे तसं. कायमचं राहील. कोणी हात लावणार नाही."

देव पावला! मी उडायचीच बाकी होते. घर राहणार, बाबा उठणार, मशीनखाली कोणी येणार नाही. "हो," मी म्हटलं. "हो मॅडम, हो."

"चूल पेटंल का?" बाबानं विचारलं.

"चूल असेल. पेटवता नाही येणार. पेंढ्याचं छप्पर, धोका असतो."

"सारवायचं कोणी?"

"सारवायचं नाही बाबा. आहे ती भिंत तशीच टिकवायची."

"निजायला कोण?"

"कोणी नाही. लोक बघायला येतील."

बाबा थोडा वेळ अंगणातल्या चिकूंकडे बघत राहिला. "ताट मांडाल?"

"नक्की मांडू," मॅडम प्रेमानं म्हणाल्या. "तुमची पितळी, तांब्या, सगळं चुलीपुढे मांडून ठेवू. तुम्ही जेवायला बसता तसं."

बाबा उठला, टोपी घातली आणि गाडीकडे चालू लागला.

येताना मी बोलले नाही असा एक मैल गेला नसेल. "तुला घर वाचायला हवं होतं ना? वाचतंय ना? मग आता काय खुपतंय? एवढ्या मोठ्या बंगल्याशेजारी उभं राहील, लोक तिकीट काढून बघतील. तुझ्या आज्याचे खांब!" बाबा फडक्यात एक तुकडा उरला होता तो चघळत बसला. मी चिडले, रडले, पुन्हा चिडले. प्रविण म्हणाला, "जाऊ दे ना आता," तर त्यालाही दोन ऐकवल्या.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. मॅडमचा फोन आला, शुक्रवारी माणसं मापं घ्यायला येतात. मशीनही त्याच सुमाराला येणार असं पाड्यात कळलं. मी कामावरून सुटले की रोज खाली बाबाकडे जायची. "हो म्हण." तो म्हणायचा, "बघू." कधी घराभोवती फिरत असायचा, कधी एकेका मेढीला तळहात लावून उभा. एकदा चुलीपुढे पितळी मांडून नुसता तिच्याकडे बघत बसला होता. मी आत आले तसा दचकला. मशीनला न भिणारा माणूस कशाला भितोय तेच मला कळेना. कंपनीत माझ्या हातून पेट्यांवर उलटी लेबलं लागली, सुपरवायझरला मीच "सॉरी" म्हणाले. तो घाबरला.

गुरुवारी सकाळी शिफ्टला जायच्या आधी खाली डोकावले, तर छपरावर पेंढा नव्हता.

बाबा वर बसून वासे सोडत होता. खाली पेंढ्याचा ढीग. एका बाजूचा कुड उतरवून आडवा ठेवलेला. त्याची नवी लाल माती भेगाळली होती.

"बाबा! अरे काय मांडलंयस? उद्या मॅडमची माणसं येतायत!"

"म्हणून तर आज काढतोय."

"खाली उतर. आधी खाली उतर तू."

उतरला. घामानं भिजला होता. मी तोंडाला येईल ते बोलले. म्हटलं, "तुला मशीनखाली मरायचंय ना, मर! घर वाचवायला मी ह्या दारातून त्या दारात फिरते, आणि तू स्वतःच्या हातानं मोडतोस? कोणाचं ऐकायचंच नाही का तुला?"

तो ऐकत उभा राहिला. माझा दम संपल्यावर म्हणाला, "योगू, ते घर बघितलंस ना तू?"

"बघितलं. मग?"

"ती बाय सगळ्यांची ताटं मांडून गेली. ते येत असतील का नसतील रोज? येत असतील. ताट मांडलेलं दिसतंय, आपलंच ताट, आपलीच खुर्ची. बसत असतील. आणि ताटात काय नाय. उठून जात असतील." त्यानं टोपीनं तोंड पुसलं. "माझं घर तिथं ठेवलं, चुलीपुढं पितळी मांडली, तर तुझी आय काय करंल? तिला काय ठाऊक हे तिकीट काढून बघायचं घर हाय म्हणून? ती यील. रोज यील. रोज उपाशी परत जाईल. मशीननं घर मोडलं तर निदान तिला कळंल, घर मोडलं. पण तिथं..."

तो सोडलेली दोरी गुंडाळायला लागला. मी, योगिता, जिला सगळा पाडा घाबरतो, तिथेच पेंढ्यावर बसले आणि लहान पोरीसारखी हुंदके देऊन रडले. आय मला दिसली, लुगड्याचा पदर कानामागे खोचून, रिकाम्या पितळीपुढे बसलेली. तिला ऐकू येत नाही म्हणून कोणाला विचारणारही नाही ती, की जेवण कुठाय. तशीच उठेल.

"मग हे घेऊन जायचं कुठे?" मी शेवटी विचारलं.

बाबानं वर बघितलं, माझ्या घरकुलाकडे. "तुझ्या मागच्या अंगणात जागा हाय म्हणालीस ना?"

"मी तुला दोन वर्षं सांगतेय!"

"तू पेटीत ये म्हणत होतीस. अंगणात ये म्हणालीस का?"

नव्हते म्हणाले. घोड्यानं पेंड खाल्ली ती तिथे. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं की घर चालतं. आज्यानं खांद्यावर आणलं होतं हे मीच मॅडमना फुशारकीनं सांगून आले होते, आणि मलाच सुचलं नाही.

मी कंपनीत फोन करून सांगितलं, येत नाही, काय कापायचं ते कापा. प्रविणला उठवलं. बातमी लागली तशी वर हललेली माणसंही खाली आली, हिरू आला, चिमण आला, बायका आल्या. ज्यांची घरं आधीच गेली होती ती माणसं कोणी न बोलावता आली आणि वाशांना हात घालू लागली. मेढी उपटताना सगळ्यांचा कस लागला. बुंध्याला माती धरून बसली होती, सोडेना. शेवटी सुटली तेव्हा बाबानं खड्ड्यात मूठभर तांदूळ टाकले आणि म्हणाला, "चला."

चढावर खांब खांद्यावर घेऊन माणसं निघाली. मी कणगी घेतली डोक्यावर. मागे वळून बघितलं तर जमिनीवर नुसता चौकोन उरला होता, आतून सारवलेला, स्वच्छ. चुलीची राख तेवढी मधे.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा फोन आला. "योगिता, आमची माणसं तिथे पोचलीयत, त्यांना घर सापडत नाहीये. पाडलं का?"

"नाही मॅडम. वर चालत गेलं."

त्यांना समजावून सांगितलं सगळं. रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "बाबांना माझा नमस्कार सांगा," आणि फोन ठेवला. मशीन त्याच्या पुढल्या दिवशी आली. तिला मोडायला काही नव्हतं. तो चौकोन एका फेरीत गेला, आणि बाबा तेव्हा माझ्या अंगणात खड्डे खणत होता.

कारवी जुनीच वापरली, माती नवी. बाबानं मला सारवायला बसवलं, माझा हात बघून तोंड वाकडं केलं, दोनदा पुन्हा करायला लावलं. सगळ्या पाड्याचे हात लागले आणि संध्याकाळ व्हायच्या आत कौतुक वाटेल असं उभं राहिलं. माझ्या स्लॅबच्या मागे ते पेंढ्याचं छप्पर बघून प्रविण म्हणाला, "आता मला इथेच झोपायचंय." बाबा म्हणाला, "तू तुझ्या पेटीत नीज."

चूल पेटवली. ओलसर कुडाला धूर लागला, वास भरला. नव्या तांदळाचा भात केला, आंबाडीची भाजी केली. बाबा पितळी घेऊन बसला. पहिला घास काढून कडेला ठेवला. आणि मग जेवेना.

"काय झालं आता?" मी म्हटलं. "मीठ कमी आहे?"

त्यानं दाराकडे बघितलं. उतारावर खाली अंधारायला लागलं होतं, जिथे घर होतं तिथे आता उघडी माती. "ती तिकडंच जाईल," तो हळू म्हणाला. "इतकी वर्षं तिकडचीच सवय. तिला कोण सांगंल, हिकडं आलो म्हणून?"

मी हात धुतले. दारात गेले, अंगणाच्या काठापर्यंत गेले, जिथून खालचं सगळं दिसतं. शेजारी काय म्हणतील, प्रविण काय म्हणेल, काही मनात आलं नाही. तोंडाशी दोन्ही हात धरले.

"आय! ए आय! हिकडं ये गं! वर! माझ्या मागल्या दारी! भात निवतोय!"

समोरच्या डोंगरावरून आवाज फिरून आला. कुठेतरी कुत्रं भुंकलं. बाबा माझ्यामागे दारात येऊन उभा राहिला होता.

"जोरात मार हाक," तो म्हणाला. "तिला कमी ऐकू येतं."